उजव्या हाताची नदी

आमच्या घरमालकांना बर्डीला काम निघालं की ते काम व्हायचंच नाही. बर्डीच कशाला, गांधीबाग, इतवारी, सदर, मोठं स्टेशन, सगळं त्यांना बंद होतं. प्रताप नगरातून निघालं की या सगळ्या ठिकाणी जाताना नाग नदी आडवी येते, आणि नाग नदी ओलांडायची नाही असा त्यांचा नेम होता. नागपूरच्या माणसासमोर नाग नदीला नदी म्हटलं तर तो आधी हसतो. आम्ही तिला सरळ नाला म्हणायचो, तेही नाक दाबून. घरमालक, म्हणजे आमचे काकाजी, तिला मैया म्हणत.

पुढे फार वर्षांनी ते बर्डीला जायला लागले, अगदी रोज, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात तर्री-पोहे खाऊन यायला लागले. पण मला आठवतात ते नदीच्या अलीकडे अडकलेले काकाजी.

सत्तरच्या आसपास मी वर्धा जिल्ह्यातून नागपूरला आले, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली म्हणून. नोकरी लागली, पण खोली लागेना. त्या काळी खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारायचे आणि आडनाव सांगितलं की ती खोली नुकतीच दुसऱ्या कुणाला तरी दिलेली निघायची. नागपुरात एवढ्या खोल्या एवढ्या चटकन कशा जातात याचं मला कौतुक वाटायला लागलं होतं. प्रताप नगरात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. त्यातल्या एका बैठ्या घराच्या फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' असा पुठ्ठा लटकत होता. आत गेले तर एक उंच, काटक म्हातारा अंगणात एका ओट्याभोवती गोल गोल फिरत होता. मला बघून तो थांबला नाही. फेरी पुरी करून मगच माझ्यापुढे आला.

"खोली रिकामी हाये," तो म्हणाला. "पण एक अट हाये."

मी मनात म्हटलं, आली गाडी रुळावर.

"ओट्यावर ते बाटली दिसते ना? अंगणात चालताना तिले उजव्या हाताले ठेवाचं. जमते?"

आडनावाची वाट बघून बघून मी इतकी तयार होऊन आले होते की मला दुसरं काही सुचेना. "मी देवबिव नाई मानत," मी आधीच सांगून टाकलं. "आमी बौद्ध हाओ."

"मंग मानू नोको ना! तुले मानाले कोण सांगून राहिलं? उजव्या हाताले ठेव म्हणजे झालं."

व्हरांड्यातल्या खाटेवरून हसण्याचा आवाज आला. तिथे एक गोरी, स्थूल बाई उशांना टेकून पडली होती. तिचा चेहरा एकाच बाजूने हसत होता. "हो म्हण वं पोरी," ती जड जिभेनं म्हणाली. "बाकीचे सारे भाडेकरू ह्यायले पाहून पळून गेले." त्या काकू. मी हो म्हटलं.

अट ऐकायला सोपी होती. पण माझ्या खोलीतून नळ होता उजव्या हाताला, चार पावलांवर. बाटली उजवीकडे ठेवायची म्हणजे रिकामी बादली घेऊन अख्ख्या ओट्याला वळसा घालायचा, तेव्हा नळ. भरलेली बादली घेऊन येताना मात्र सरळ चार पावलं. मी काकाजींना म्हटलं, निदान उलटं तरी नाही. ते म्हणाले, "मैयाले समजते ना कोणाच्या हातात वजन हाये ते." दूधवाला वळसा घालायचा, भांडेवाली वळसा घालायची, पोस्टमन मात्र कंटाळून फाटकावरूनच कागद आत फेकायचा. ओट्यावर तुळस असते तिथे ही बाटली: औषधाची चपटी, बुचाला लाल फडकं बांधलेली. तिच्यात नर्मदेचं पाणी होतं.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. काकाजी इरिगेशन खात्यात ओव्हरसियर होते. जन्मभर कालवे खणले, त्यांच्यावर पूल टाकले, पाटाच्या पाण्याची भांडणं सोडवली. रिटायर झाले, एकुलती मुलगी गांधीबागेत कापडवाल्यांच्या घरी दिली, आणि काकूंना विचारून नर्मदेच्या परिक्रमेला निघाले. पायी. परिक्रमेचा नेम असा की नदी सतत उजव्या हाताला ठेवायची. ती समुद्राला मिळते तिथपर्यंत एका काठानं जायचं, तिथे तेवढं नावेतून पलीकडे व्हायचं, मग दुसऱ्या काठानं थेट उगमापर्यंत, उगमाच्या वरून वळसा, आणि जिथून निघालो तिथे परत. मध्ये कुठेही नदी ओलांडली की परिक्रमा मोडली. मग पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात चालत नाहीत, एका गावी मुक्काम करतात. काकाजी होशंगाबादहून निघून दक्षिण काठानं बडवानीपर्यंत आले होते. तिथे मुक्कामाला असताना तार आली. काकूंची डावी बाजू गेली होती.

तार हातात घेऊन ते निघाले. बसनं खंडवा, खंडव्याहून रेल्वे. पण गाडीत बसायच्या आधी त्यांनी खंडव्याला स्टेशनमास्तरांना गाठून नकाशा बघितला, वाटेत कुठे नर्मदा ओलांडावी लागते का म्हणून. ही गोष्ट काकूच सगळ्यांना सांगायच्या. "बायको मरून राहिली होती अन् हे नकाशा पाहून राहिले होते," असं म्हणून त्या हसत. काकाजीही हसत.

पण त्यांच्या हसण्याच्या खाली काय होतं ते मला हळूहळू समजलं. जीभ जराशी वळायला लागल्यावर काकूंचं पहिलं वाक्य होतं, "माह्या पायी तुमची परिक्रमा मोडली."

"मोडली कुठं?" काकाजी म्हणाले होते. "मी नदी ओलांडलीच नाई. नागपूर बी दक्षिण तटावरच हाये. काठापासून जरासं लांब, एवढंच. मुक्काम लांबला समज."

एवढ्या एका वाक्यावर त्यांनी पुढचा सगळा डोलारा उभा केला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्यांना एकटं सोडायचं नाही. म्हणजे बडवानीला परत जाणं आता नव्हतं. मग परिक्रमा चालू आहे हे काकूंना रोज दिसायला हवं. दिसलं नाही तर त्या बाईच्या मनात एकच गोष्ट राहणार की आपण नवऱ्याच्या वाटेत आडव्या पडलो. मी पहिले काही महिने काकाजींना बह्याड, म्हणजे अगदी वेडे, समजत होते. मग एकदा ताप येऊन दोन दिवस घरी होते, तेव्हा सकाळची फेरी पूर्ण ऐकली.

काकाजी ओट्याभोवती फिरायचे ते मुकाट्यानं नाही. फिरता फिरता वाट सांगायचे. काकूंची खाट मुद्दाम ओट्याकडे तोंड करून ठेवलेली. "आता उतार लागला. सागाचं बन. खाली पाणी हिरवं दिसून राहिलं. पुढं एक म्हातारी भेटते, तिच्या दारात निंबाचं झाड."

"काल तं चिंच होती," खाटेवरून.

"चिंच तिच्या जावेच्या दारात. पुढच्या गावाले."

"मंग तिथं विहीर लागाची आधी. ते खाल्ली का तुमी?"

ते थांबायचे, आठवायचे, चार पावलं मागे जाऊन विहीर घ्यायचे. होशंगाबाद ते बडवानी, एवढीच वाट त्यांनी पायाखाली घातली होती आणि तेवढीच ते सांगायचे. बडवानी आली की दुसऱ्या दिवशी पुन्हा होशंगाबाद. मी एकदा म्हटलं, काकाजी, पुढचं पण सांगा ना, ऐकलेलं असेल की. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "जे वाट पायानं पाह्यली नाई ते तोंडानं कशी सांगू?" त्यामुळे काकूंना ती वाट त्यांच्यापेक्षा पक्की पाठ झाली. पुढे पुढे तर तेच चुकायचे आणि काकूच त्यांना वाटेला लावायच्या.

गुरुवारी आणखी एक गंमत असायची. परिक्रमा करणारा वाटेतल्या घरांकडून शिधा मागून आणतो आणि स्वतः रांधून खातो. म्हणून गुरुवारी काकाजी माझ्या दारात उभे राहायचे. "नर्मदे हर! काही पीठ-मीठ?" भाडेकरूच्या दारात पिठासाठी उभा राहणारा घरमालक मी तरी दुसरा बघितला नाही. मी ओंजळभर कणीक घालायची. त्याचे ते जाडजूड टिक्कड भाजायचे. काकूंना ते चावायचे नाहीत, मग दुधात कुस्करून द्यायचे. काकू प्रत्येक गुरुवारी नाक मुरडायच्या आणि वाटी चाटून पुसून खायच्या.

आता नाग नदीचं. परिक्रमेत मैयाचं रोज दर्शन घडावं, स्नान व्हावं असा नेम. बाटलीत स्नान कसं करणार? एका सकाळी काकाजी सायकलवर अंबाझरीला गेले. तलावाचं पाणी जिथून बाहेर पडतं आणि नाग नदी म्हणून शहराकडे निघतं, तिथे त्यांनी बाटलीतलं अर्धं पाणी ओतलं. मैयाचं पाणी पडलं म्हणजे ती मैयाच, असा हिशेब. तिथेच अंघोळ करून, फार खुशीत घरी आले आणि काकूंना म्हणाले, "आता रोज स्नान. मैया आपल्या दारात आणली."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता पोरीच्या घरी कसे जासाल?"

काकाजी पायरीवर बसले. मुलगी गांधीबागेत, नदीच्या पलीकडे. काकूंचे डॉक्टर सदरला, पलीकडे. जन्मभर पाण्यावर पूल टाकणारा ओव्हरसियर, आणि आपलं घर कुठल्या काठावर आहे हे त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. ही गोष्ट मला सांगताना काकूंना इतकं हसू आलं की ठसका लागला आणि मी पाणी आणायला ओट्याला वळसा घालून धावले.

"परत नाई घेता येत का ते?" मी काकाजींना विचारलं होतं.

"पाणी काय शेजारी देल्लं भांडं हाये, परत आणाले?" मग म्हणाले, "वरून जाता येते. वाडीच्या पुढं लाव्हा गावच्या टेकड्यात हिचा उगम हाये. त्याच्या वरून वळसा घालून पलीकडच्या काठानं खाली उतराचं. नदी उजव्या हातालेच राह्यते."

"अन् परत?"

"अंबाझरीचं स्नान मुक्कामातलं, ते येगळं. पण तिथून परत त्याच वाटेनं नाई येता येत. नदी डाव्या हाताले होईन. मंग तसंच पुढं कन्हानच्या संगमापर्यंत जाचं, तिथं नावेत बसाचं, अन् अलीकडच्या काठानं घरी." एवढं फिरायचं तर दोन-तीन दिवस हवेत, आणि काकूंना दोन-तीन दिवस सोडणं जमत नव्हतं. म्हणून ते जातच नव्हते. नातवाचं बारसं झालं तेव्हाही गेले नाहीत. मुलगी दुसऱ्या दिवशी ओलं बाळ घेऊन स्वतः आली, रडली, रागावली. "बाबूजी, मले माहेर हाये की नाई, असं इचारते माह्ये सासरचे. मी त्यायले काय सांगू? नाला आडवा आला म्हून सांगू?" आईकडे एक नजर टाकून मुलगी गप्प झाली. तिलाही ते सगळं कळत होतं, फक्त तिचा त्यात बळी जात होता.

माझं ऑफिस पलीकडे. मी रोज दोनदा नदी ओलांडायची. संध्याकाळी फाटकात आले की काकाजींचा पहिला प्रश्न, "मैया कशी हाये?"

"काळी हाये," मी सांगायची. "वास मारून राहिली."

"पाणी हाये ना पण?"

"हाये."

"मंग झालं. पुलावर काही म्हटलं का तिले?"

"मी कायले म्हणू? मी तं जय भीम म्हणणारी."

"मंग जय भीम म्हण. पण नदीवरून मुकं जाऊ नोको."

पहिल्यांदा मी हे त्यांची जिरवायची म्हणून केलं. सायकलवरून पुलावर आले की मोठ्यानं 'जय भीम' म्हणायची आणि घरी येऊन सांगायची. ते खूष. मग सवय लागली. आजही कुठल्याही पुलावरून जाताना माझ्या तोंडून ते निघतं, आणि शेजारचा माणूस बघतो.

दसऱ्याला माझे बाबा यायचे, हिंगणघाटच्या पलीकडच्या आमच्या गावाहून, पायी. छप्पन साली ते असेच पायी नागपूरला आले होते, आईला आणि गावातल्या लोकांना घेऊन, आणि नवा धम्म घेऊन गेले होते. तेव्हापासून दरवर्षी पायीच. मी पगार मिळवायला लागल्यावर त्यांना म्हटलं, बाबा, आता तरी बसनं या. ते म्हणाले, "बसनं आलो तं नुसता पोचीन." पहिल्या वर्षी ते माझ्या खोलीत आले तेव्हा पायांना फोड आलेले. काकाजींनी बघितलं आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन समोर बसले.

"मिठाच्या पाण्यात बुडवाचे आधी," बाबा म्हणाले.

"मिठानं कातडं फाटते. आधी तेल."

दोघांचा त्यावर अर्धा तास वाद. मग बाबांनी विचारलं, "तुमी कुठं जाता पायी?"

"सध्या कुठंच नाई. अंगणात."

बाबा ओट्याकडे बघत राहिले. त्यांना हसू आलं नाही. "आमी बी काही दर्शनाले नाई येत," ते म्हणाले. "चाललो होतो त्याच्या आठवणीले येतो."

"मंग मी बी आठवणीलेच फिरून राहिलो," काकाजी म्हणाले, आणि त्यांनी बाबांचा पाय मांडीवर घेतला. बाबांनी तो आधी मागे ओढला, मग राहू दिला. त्यानंतर दर दसऱ्याला बाबा आले की काकाजींसोबत ओट्याभोवती एक फेरी मारायचे. ते काही म्हणायचे नाहीत, नुसते चालायचे.

मग ती दुपार. मार्गशीर्षातली असेल, ऊन कोवळं होतं. माझी सुट्टी होती. काकूंना खाटेवर जोराचा झटका आला. डोळे पांढरे झाले, मग मिटले. काकाजींनी मला हाक मारली ती फक्त माझं नाव, बाकी काही नाही. मेडिकल कॉलेजचा दवाखाना अलीकडेच होता, पण काकूंची सगळी दवा सदरच्या डॉक्टरांची. आधीच्या वेळी त्यांनीच वाचवलेलं. "सदर," काकाजी म्हणाले. कोपऱ्यावरून सायकलरिक्षा आणली. मी काकूंना कवेत घेऊन बसले. तिसऱ्याला जागा नव्हती. काकाजी बाजूनं निघाले, चालत, मग पळत. त्या वयात.

पूल जवळ यायला लागला तशी मी काकाजींकडे बघायला लागले. काय करतील? थांबतील? मी म्हणणार होते, काकाजी, तुम्ही थांबा, मी नेते. पुलाचा चढ लागला. रिक्षावाला पेडलवर उभा राहिला तरी रिक्षा हलेना. काकाजी मागे गेले, दोन्ही हातांनी रिक्षा ढकलायला लागले आणि तसेच ढकलत पूल पार करून गेले. त्यांनी पाण्याकडे बघितलं नाही, मैयाला हाक मारली नाही. नदीवरून ते मुके गेले, आणि मीही. पलीकडच्या उतारावर मी मागे बघितलं. ते दोन्ही हात धोतराला पुसत होते.

काकूंनी डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मुलगी आणि मी जवळ होतो. काकाजी पायथ्याशी उभे. त्यांच्यावर नजर गेली आणि काकूंनी विचारलं, "तुमी कसे आले?"

"वरून," काकाजी लगेच म्हणाले. "लाव्ह्याच्या उगमावरून. तू काल आली, मी आता पोचून राहिलो."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी काकाजींकडे. त्या माणसानं माझ्या समोर कधी साधी थाप मारली नव्हती. पुढची वाट बघितली नाही म्हणून सांगत सुद्धा नव्हते. मी म्हटलं, "हो काकू, आत्ताच आले. चहा बी नाई घेतला." काकूंनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्याची ती चांगली बाजू जराशी हसली.

त्या दवाखान्यात होत्या तेवढे दिवस काकाजी गांधीबागेत मुलीकडे राहिले. "मैयानं पलीकडे आणलं तं पलीकडचं सारं करून घेतो," असं काकूंच्या देखत म्हणाले. नातवाला खांद्यावर घेऊन कापडबाजारात हिंडले. मुलीच्या सासऱ्यांशी तासन्तास गप्पा मारल्या. मुलगी त्या दिवसांत फार सुंदर दिसायला लागली होती, आई आजारी असूनही.

काकूंना सोडलं, मुलीनं आणि मी टॅक्सीनं घरी आणलं, आणि मुलगी चार दिवस त्यांच्यापाशी राहिली. काकाजी टॅक्सीत बसले नाहीत. ते संगमाकडे चालायला लागले. टॅक्सी निघायच्या आधी मी त्यांना रस्त्यात गाठून हळूच म्हटलं, "काकाजी, मोडली ना आता? मंग इतकं कायले चालता?"

"मोडली ते मले माहीत अन् तुले माहीत," ते म्हणाले. "तिले कायले माहीत पडाले पाह्यजे?"

आणि तो माणूस खरोखर कन्हानपर्यंत गेला, नावेतून उतरला, अलीकडच्या काठानं परत आला. आला तेव्हा टाचा फुटल्या होत्या. काकूंनी सगळी वाट विचारून घेतली: नावाडी कसा होता, संगमावर देऊळ आहे का, रात्री कुठे झोपले. या वेळी सांगायला खरी, पायानं बघितलेली वाट होती. काकाजी अंगणात फिरत फिरत सांगत राहिले. त्यानंतरही कित्येक वर्षं ते बर्डीला गेले नाहीत, मुलीकडे गेले नाहीत. नेम मोडलेला होता, आता काहीही अडत नव्हतं. तरी तो तसाच पाळला गेला, पहिल्याहून कडक.

एकदा काकाजी अंबाझरीला स्नानाला गेलेले. मी काकूंचे केस विंचरत होते. नातवाची मुंज जवळ आली होती आणि काकाजी जाणार नाहीत हे ठरल्यासारखंच होतं. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "काकू, तुमीच सांगा ना त्यायले. एक दिवस जाऊन येतील. काही नाई होत."

काकूंनी आधी फाटकाकडे बघून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी जागी होती वं. रिक्षात."

मी फणी ठेवून त्यांच्या समोर आले.

"डोये उघडत नोते. पण पूल आला ते समजते ना. तुह्या मैयाचा वास कोणाले नाई समजत?" आणि त्या हसल्या. "चढ लागला अन् पाठीत धक्का आला. हळूच, पण बरोबर मधोमध. असा धक्का दुसरं कोण देईन? माह्या पाठीले माहीत हाये तो हात."

"मंग त्यायले सांगत काहून नाई?"

"काय सांगू? त्यायनं माह्यासाठी एका मिनिटात मोडली. अन् मले समजू नये म्हून इतके साल झाले, जोडून राहिले. जोडू दे." त्यांनी माझा हात धरला. "मी हाओ तोवर बोलू नोको."

मी बोलले नाही. मुंजीला काकाजी गेले नाहीत. त्या दिवशी काकूंनी अख्खी होशंगाबादची वाट ऐकली, दुपारी, पंगतीच्या वेळेला, जणू त्यांनाच तिची हौस होती. इतकं प्रेम मी आधी जवळून बघितलं नव्हतं, आणि ते असं अंगणात गोल गोल फिरतं हेही माहीत नव्हतं.

काकू गेल्या त्या झोपेतच, शांतपणे. तेरावं झालं. काकाजींनी ओट्यावरची बाटली धुतली, लाल फडकं बदललं आणि झोळी काढली. मी तेव्हाही तिथेच राहत होते. मुलगी स्टेशनवर थेट येणार होती, म्हणून घरून मी निघाले त्यांच्यासोबत. सायकलरिक्षाच केली. काकाजी काठी गुडघ्यांत धरून बसले होते.

"बडवानीपासूनच ना काकाजी?" मी विचारलं. विचारायला नको होतं असं वाटलं, पण विचारून झालं होतं.

"नाई. होशंगाबादपासून. पहिल्यापासून." मग म्हणाले, "तिनंच सांगतलं होतं. जायच्या आधी दोन दिवस. म्हणे, आता निंघसाल तवा पहिल्यापासून चाला, अर्ध्यातून नोको. मी म्हटलं, बरं."

पूल दिसायला लागला होता. रिक्षावाल्यानं वेग घ्यायला सुरुवात केली. काकाजी समोर बघत होते. मग त्यांनी हळूहळू मान माझ्याकडे वळवली.

"तिच्या हिशेबानं तं मोडलीच नोती," ते म्हणाले. "मंग पहिल्यापासून काहून म्हणाली असंल वं ती?"

काकू आता नव्हत्या. मला बोलायची मोकळीक होती. शेवटी म्हटलं, "काकूले त्या दिवशी पुलावर वास आला होता, काकाजी. नदीचा."

आधी त्यांना कळलं नाही असं वाटलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते मला सांगता येणार नाही, बहुतेक दोन्ही. "बदमाश," ते म्हणाले. "बदमाश बाई." उपरण्यानं तोंड पुसलं.

पुलाचा चढ लागला. रिक्षावाला पेडलवर उभा राहिला. "थांब गा," काकाजी म्हणाले आणि खाली उतरले. मी म्हटलं, बसा ना काकाजी, मी उतरते. त्यांनी हातानंच मला बसायला सांगितलं आणि मागे गेले.

"नर्मदे हर!" मागून आवाज आला, मोठ्यानं. शेजारचा सायकलवाला वळून बघायला लागला.

"जय भीम," मी म्हटलं.

आणि पाठीला धक्का लागला, हळूच, पण बरोबर मधोमध.